पाठीला खिडकी नसलेलं घर

“गुडघा वाकव गं एडना, थोडासा!”

“वाकला असता तर इथे लटकले असते का मी?”

एडना दिसत नव्हती. लाकडी भिंतीच्या आतून तिचा आवाज येत होता, आणि जिन्याच्या तळाशी तिच्या एका पायातला करडा लोकरी मोजा तेवढा दिसत होता.

त्याला जिना म्हणायचं ते वर-खाली जाता येतं म्हणून. धुराड्याच्या बाजूला कपाटाएवढी जागा, तिला कपाटासारखंच दार, आणि आत स्क्रूच्या आट्यांसारख्या वळत वर गेलेल्या पायऱ्या. सडपातळ माणूससुद्धा तिथून खांदा तिरका करून चढतो. एडना गॉलप सत्तरीच्या पुढची होती, आणि त्या वर्षी तिच्या अंगात पाणी भरलं होतं. पाय उखळासारखे झाले होते. वरून तिचा नवरा रूबेन आणि सुतार सिरिल लेग तिला काखेत धरून खाली सोडत होते. खाली मी आणि नर्स ट्रास्क हात वर करून उभ्या होतो. कशासाठी उभ्या होतो कोण जाणे! ती सुटून आली असती तर आम्ही दोघी तिच्यासकट चुलीत गेलो असतो.

“एडनाकाकू, श्वास सोडा आणि अंग सैल करा,” वरून सिरिल म्हणाला.

“सैलच आहे रे बाबा. हे घर आवळलंय मला.”

सिरिल हसला, नर्स हसली, आतून एडनाही हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं आणि अगदी वेगळ्या आवाजात ती म्हणाली, “रूबेन, मला श्वास घेता येत नाहीये रे.”

“वर ओढा,” नर्स ओरडली. “आधी वर घ्या त्यांना!”

वर ओढणं खाली सोडण्यापेक्षा कठीण निघालं. शेवटी ती पलंगावर पोचली तेव्हा तिच्या दोन्ही कोपरांची सालं निघाली होती. रूबेन खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला. उंच, वाळका, जंगलात झाडं तोडून वाकलेला माणूस. नर्सने औषध लावलं. एडना छताकडे पाहत पडली होती. ते छत इतकं उतरतं की पलंगावर उठून बसलं तर डोकं वाशाला लागे.

“बाई,” ती मला म्हणाली. गावात सगळे मला बाईच म्हणतात. निम्म्या गावाला मी मुळाक्षरं शिकवली आहेत. “बाई, एक सांगून ठेवते. मी या घरातून जिवंत बाहेर पडणार. कशी ते मला विचारू नका. पण जिवंत.”

*

आमच्या लिडकोममध्ये जमीनदारांच्या मोठ्या घराच्या हद्दीत जायला उत्तरेकडून एक फाटक आहे, आणि फाटकाच्या आत, रस्त्याला लागून देवडी. तेच हे घर. आताच्या मालकांच्या पणजोबांनी ते बांधलं. त्यांनी कुठल्याशा चित्रांच्या पुस्तकात तसं घर पाहिलं होतं म्हणे. आपल्या पाहुण्यांची बग्गी फाटकातून आत वळली की पहिली नजर त्या घरावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी पुरी केली. गवताचं छप्पर भुवईसारखं खिडक्यांवर वळवून घेतलेलं. खिडक्यांना टोकदार दगडी कमानी आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्यांसारख्या काचा. पीळ घातलेली विटांची दोन धुराडी. उन्हाळ्यात लोक मोटारी थांबवून फोटो काढतात. एका नाताळात ते घर बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर छापून आलं होतं. तो डबा एडनाकडे होता. ती त्यात बटणं ठेवी.

मी शाळेत होते तोवर दर वसंतात मुलांना घेऊन देवडीचं चित्र काढायला जात असे. मुलांना आधी चित्र काढू द्यायचं आणि मग विचारायचं, ही माझी जुनी पद्धत.

“दोन धुराडी काढलीत ना? आता आत जाऊन चुली किती ते बघून या.”

मुलं आत धावत आणि ओरडत बाहेर येत. “बाई, चूल एकच आहे! दुसरं धुराडं नुसतंच!”

“वरच्या दोन खिडक्या?”

“एक खोटी! आतून भिंतच आहे!”

“बरं. आता घराला एक फेरी मारा, आणि हे घर कुणाकडे बघतंय ते सांगा.”

एका वर्षी नोरा पिच नावाची मुलगी फेरी मारून आली आणि परत मागे जाऊन बघून आली. मग म्हणाली, “बाई, याला पाठीमागे डोळेच नाहीत.”

खरं होतं. देवडीच्या पाठीमागे दगडी कुंपण, आणि त्याच्या पलीकडे लगेच गाव: रस्ता, पाववाल्याचं दुकान, शाळा, चर्च. पण त्या बाजूला सबंध भिंतीत एक झरोकासुद्धा नाही. घराची प्रत्येक खिडकी मोठ्या घराच्या रस्त्याकडे. फाटक राखणाऱ्याची नजर गाडीच्या वाटेवरून हलू नये म्हणून.

एडना दारात बसून मटार सोलत होती. ती म्हणाली, “अगं पोरी, त्याला पाठीमागे डोळे असते, तर मी गावातलीच गंमत बघत बसले असते. फाटक कुणी उघडलं असतं?”

मुलं हसली. नोराने मात्र आपल्या कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एक मोठा चौकोन काढला आणि त्याच्या खाली ‘घर, मागून’ असं लिहिलं. ते चित्र मी जपून ठेवलं आहे.

फाटक उघडणं हे देवडीतल्या बायकोचं काम. नवरा जंगलात किंवा बागेत काम करणार, आणि घर मिळणार ते बायको फाटक सांभाळते म्हणून. एडना बावीस वर्षांची असताना लग्न होऊन तिथे आली, तेव्हा सासूने फाटकाची किल्ली आणि कमरेचं फडकं एकदमच तिच्या हातात दिलं. गाडीचा भोंगा दोनदा वाजला की बाहेर. हात पिठाचे असोत की साबणाचे, ताप असो की पाऊस. भोंगा ऐकू येईल त्यापेक्षा लांब ती कधी गेली नाही. गावची जत्रा कुंपणापलीकडे भरे. एडनाला तिथली सगळी गाणी पाठ होती, पण जत्रा तिने पाहिली नव्हती. बहिणीच्या लग्नाला गेली ती केक कापायच्या आत परतली, कारण त्या संध्याकाळी मोठ्या घरी पाहुणे यायचे होते.

आणि ज्या फाटकाची दोन्ही दारं तिने उघडली-मिटली, त्यातून ती स्वतः कधी गेली नाही. मोठ्या दारांतून मोठ्या घरची माणसं जातात. बाकीच्यांना बाजूची दिंडी, एका माणसापुरतं छोटं दार. फक्त देवडीतलं माणूस मेलं की त्याच्या शवपेटीसाठी दोन्ही दारं उघडायची, असा पणजोबांनी घालून दिलेला नियम होता. गावात तो मोठा मान समजत. रूबेनचे वडील तसे गेले, आई तशी गेली.

“आमच्यात सरळ वाटेने जायला आधी मरावं लागतं,” एडना म्हणायची, आणि चहाचा कप पुढे करायची.

*

त्या हिवाळ्यात छातीचा ताप आला म्हणून ती वर जाऊन झोपली. ताप उतरला, ती उतरली नाही. मग पायांत पाणी झालं. वसंत गेला, उन्हाळा गेला. फाटक आता रूबेन उघडे. एडना पलंगावरून भोंगा ऐके आणि खालच्या माणसाला ओरडून सांगे, “आले बघ! काठी घे, ओलं आहे बाहेर!”

चर्चने शाळेच्या मागे म्हाताऱ्या माणसांसाठी काही बैठी घरं बांधली होती. जिना नाही, उंबरा नाही, आणि पुढच्या खोलीला ही रुंद खिडकी. त्यातलं एक गॉलप नवराबायकोसाठी राखलं होतं, पण मायकेलमसपर्यंतच. सप्टेंबर संपताना तो सण येतो, आणि आमच्याकडे घरं बदलायची ती त्याच दिवशी. तोवर एडना खाली उतरली नाही तर घर दुसऱ्या कुणाला जाणार होतं. आणि नर्स ट्रास्कने मला कुंपणापाशी गाठून हळूच सांगितलं होतं, “आणखी एक हिवाळा त्या ओल्या छताखाली काढणं काकूंना जमायचं नाही, बाई. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची पाळी आली तर नेणार कुठून?”

आगीचे बंबवाले येऊन पाहून गेले. जिना पाहून त्यांनी डोकं खाजवलं. खिडकी पाहून म्हणाले, मधला दगडी खांब काढला तर शिडीवरून नेता येईल. मोठ्या घराचे कारभारी फेनविकसाहेब खाली उभे राहून मान वर करून खिडकीकडे पाहत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एडनासाठी द्राक्षंही आणली होती.

“हा दर्शनी भाग आहे,” ते म्हणाले. “जुनी वास्तू म्हणून सरकारदरबारी नोंद आहे. दगड हलवायचा तर परवानगी लागेल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळावी.”

“आणि माझा दर्शनी भाग तोवर टिकेल का, ते साहेबांना विचार, रूबेन!” वरून एडना ओरडली.

म्हणून आम्ही जिन्याने प्रयत्न केला. त्यात काय झालं ते सांगितलंच.

कोपरांना पट्ट्या बांधून झाल्या. तेव्हा एडना म्हणाली, “सिरिल, माझ्या पलंगाखाली बघ.”

सिरिलने खाली पाहिलं नाही. तो एकदम रूबेनकडे पाहायला लागला.

“बघतोस काय त्याच्याकडे? तूच खिळे मारलेस ना?”

पलंगाखाली मयताचं दार होतं.

आमच्याकडच्या जुन्या घरांत ते असतं. अशा जिन्यावरून पेटी खाली नेता येत नाही, म्हणून वरच्या तक्तपोशीत पुरुषभर लांबीचं एक झाकण ठेवलेलं असतं. कुणी वर वारलं की झाकण उघडतात, वरच्या तुळईला पट्टे अडकवतात आणि पेटी सरळ खालच्या खोलीत सोडतात. चित्रांच्या पुस्तकातून घर उचलणाऱ्या पणजोबांनी जिवंत माणसाच्या जिन्याचा विचार केला नाही, पण हे दार करायला ते विसरले नाहीत. रूबेनची आई गेल्यावर सिरिलने ते खिळ्यांनी बंद केलं आणि वरून लिनोलियम अंथरलं. त्यावर एडनाचा पलंग आला.

“नाही,” रूबेन म्हणाला.

“का?”

“नाही म्हणजे नाही.”

“अरे, पण का?”

“त्यातून खाली गेलेलं माणूस कधी परत वर आलेलं नाही, एडना.”

“मला परत वर यायचंच नाहीये, खुळ्या!”

सिरिलने तोंडावर हात ठेवला. पण रूबेन हसला नाही. तो जिन्यातून खाली गेला, आणि नंतर किती तरी दिवस त्याने तो विषय काढू दिला नाही. मी चहाला गेले की तो उठून फाटकाकडे जाई आणि नसलेला गंज घासत बसे. आईची पेटी त्या दारातून सोडताना वरचा पट्टा त्याच्याच हातात होता, हे मला सिरिलने सांगितलं. पट्टा हातात हलका होत गेला ते तो विसरला नव्हता.

मायकेलमस चार दिवसांवर आला तेव्हा मी वर बसले होते आणि रूबेन सूप घेऊन आला होता. एडनाने चमचा बाजूला ठेवला.

“रूबेन, बस. तू हो म्हण की नाही म्हण, मी त्याच दारातून जाणार आहे. दुसरी वाटच नाही या घराला. फरक एवढाच, की तू थांबलास तर तेव्हा मला तुझ्याशी बोलता यायचं नाही.”

रूबेन सुपाचा वाडगा घेऊन खाली गेला. थोड्या वेळाने जिन्यात कुरकुर झाली आणि तो परत आला. हातात खिळे उपटायची पहार होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. एडनाला आम्ही उचलून खिडकीजवळच्या हात असलेल्या खुर्चीत बसवलं, खऱ्या खिडकीजवळ. पलंग सुटा करून भिंतीला टेकवला. लिनोलियम गुंडाळलं. सिरिल खिळे काढत होता आणि प्रत्येक खिळ्याला स्वतःलाच शिव्या देत होता. “एवढे कशाला ठोकले होते मी? कोण वर येणार होतं?”

झाकण उचललं तशी खालच्या खोलीतली चुलीची ऊब वर आली. एडना वाकून पाहायला लागली. “अगंबाई, माझं टेबल! किती धूळ ठेवलीस रे त्याच्यावर!”

पेटी सोडायचे रुंद पट्टे चर्चमध्ये असतात. सिरिल ते आणायला गेला. नर्स खाली गाद्या पसरत होती, रूबेन तुळईचा आकडा हलवून पाहत होता. मी एडनाचे केस विंचरत होते. तिला बाहेर जाताना नीट दिसायचं होतं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. जोराचा टोला, मग थांबणं, मग टोला. लिडकोममध्ये कुणी गेलं की अशी वाजते. आधी बाई की पुरुष ते सांगणारे टोले, आणि मग वयाचं एक-एक वर्ष.

“बाई गेली कुणीतरी,” एडना म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. घंटा वाजतच राहिली. शेवटचा टोला विरला तेव्हा तिने कंगवा धरलेला माझा हात थांबवला. “माझ्याच वयाची आहे हो. कोण असेल? डोरकस?”

“डोरकस मघाशी तर भेटली मला. अंडी घेऊन चालली होती.”

“मग मेबेल स्टोन?”

“मेबेल तुझ्यापेक्षा मोठी आहे.”

“माझ्या वयाची गावात आता उरलंय तरी कोण? मी आणि...” एडना बोलायची थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

जिन्यात धाड-धाड पावलं वाजली आणि सिरिल वर आला. गळ्यात पट्टे, तोंड बिटासारखं लाल. “मी काही बोललो नाही हो काकू! देवाशप्पथ! मी घंटेवाल्या स्टिकलंडला एवढंच म्हटलं, देवडीवर दार उघडतोय, पट्टे दे. त्याने पट्टे दिले, टोपी काढली आणि गेला मनोऱ्यावर. मला वाटलं, घड्याळाला किल्ली द्यायला गेला!”

एडना इतकी हसली की तिला खोकला लागला आणि नर्सला वर यावं लागलं. पण रूबेनने आकड्यावरचा हात काढला. तो पांढराफटक पडला होता.

“आज नको,” तो म्हणाला. “घंटा झाली. हे चांगलं नाही. आज नको, एडना.”

“बाहेर बघा जरा,” एडना मला म्हणाली.

मी शंकरपाळ्यांच्या काचांतून पाहिलं. दिंडीतून माणसं आत येत होती. पाववाला, पोस्टातली मिस व्हिटल, अंड्यांची टोपली घेतलेली डोरकस. बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहत होत्या, पुरुष टोप्या हातात घेऊन.

“आले का लोक?”

“आले.”

“मग आता उशीर नको, रूबेन. लोकांना कामधंदे आहेत.”

खुर्चीला पट्टे बांधले. एडनाला खुर्चीला बांधलं. रूबेन आणि सिरिलने पाय भिंतीला लावून पट्ट्यांची टोकं मनगटांना गुंडाळली. खाली पाववाला आणि नर्स. मी झाकणाच्या कडेला गुडघ्यांवर बसून खुर्ची चौकटीला घासू नये म्हणून हात लावून होते. आमच्याकडे पेटी पायांकडून सोडतात. म्हणून रूबेनने एकच गोष्ट सांगितली होती: खुर्ची सरळ ठेवायची, तिचं तोंड वर असायला हवं.

तुळई करकरली. एडना तक्तपोशीच्या खाली जायला लागली. आधी पाय गेले, मग मांडीवरचे हात. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीला आला, आणि तेव्हाच फाटकाबाहेर भोंगा वाजला. दोनदा.

फेनविकसाहेबांची गाडी होती. मला वरून ती दिसत होती. निम्मं गाव फाटकापाशी उभं होतं, पण कुणी कडीला हात लावला नाही. देवडीचं फाटक देवडीच्याच माणसाने उघडायचं असतं.

रूबेनच्या हातांनी पट्टा सोडला नाही. पण त्याची टाच भिंतीवरून सुटली. आयुष्यभर ऐकलेल्या त्या आवाजाकडे त्याचं अंग आपोआप वळलं. पट्टा वीतभर सरकला, खुर्ची एका बाजूला कलंडली आणि एडनाचं कपाळ झाकणाच्या कडेवर आपटलं. सिरिल ओरडला. खाली पाववाला ओरडला.

भोंगा परत वाजला. दोनदा.

एडना अर्धी वर, अर्धी खाली लटकत होती. कपाळाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ आली होती. ती ओरडली नाही. मी वर्गात मुलांना समजावायची तशा आवाजात तिने नवऱ्याला सांगितलं, “रूबेन, माझ्याकडे बघ. वाजू दे.”

रूबेनने तिच्याकडे पाहिलं. टाच परत भिंतीला टेकवली.

“वाजू दे त्याला,” ती म्हणाली आणि खाली गेली.

*

पुढचं दार उघडून खुर्ची बाहेर आणली तेव्हा एवढ्या माणसांत चिमणीचाही आवाज नव्हता. टोप्या हातात तशाच. त्या परत घालायच्या की नाही, कुणाला ठरवता येईना. मग डोरकस म्हणाली, “अगं एडना, कपाळाला काय लागलं?” आणि सगळे एकदम बोलायला लागले.

म्हातारा स्टिकलंड पुढे आला. “माफ कर एडना. मी तुला वाजवून बसलो.”

“ऐकलं. सगळी वर्षं वाजवलीस?”

“सगळी.”

“मग आता परत वाजवू नकोस. माझं झालं.”

खुर्ची उचलून चार जण निघाले. रूबेन सवयीने पुढे जाऊन दिंडी उघडून उभा राहिला. खुर्ची दिंडीपाशी आली आणि थांबली. मावत नव्हती. सिरिलने आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली.

रूबेनने दिंडी ओढून घेतली. खिशातून मोठी किल्ली काढली, अडसर सरकवला, आणि आधी एक दार, मग दुसरं, पार कुंपणाला टेकेपर्यंत उघडलं.

समोर गाडी उभी होती. फेनविकसाहेब हॅट छातीशी धरून खाली उतरले होते. तेवढ्यात त्यांना कुणीतरी बातमी दिली असणार. त्यांनी एडनाला खुर्चीत बसलेली पाहिलं.

“मिसेस गॉलप... मला वाटलं...”

“सगळ्यांनाच वाटलं, साहेब. गाडी जरा मागे घेता का?”

साहेबांनी मागे घेतली. एडना मोठ्या फाटकातून बाहेर गेली. रस्त्यावर आल्यावर तिने खुर्ची थांबवायला सांगितली आणि मान वळवून घराकडे पाहिलं. फाटकाच्या उघड्या चौकटीत, उन्हात, पीळदार धुराड्यांसकट ते दिसत होतं.

“डब्यावर जास्त बरं दिसतं,” ती म्हणाली. “चला.”

*

त्यानंतर ते फाटक परत बंद झालं नाही. राखायला कुणी नाही म्हणून आधी ते काही दिवस उघडं ठेवलं. मग लक्षात आलं, की तसं ठेवलं तरी काही बिघडत नाही. देवडीत आता लंडनची माणसं शनिवार-रविवारी येतात. रूबेन रोज फिरायला त्या बाजूला जातो आणि परत येतो. काय पाहून येतो ते सांगत नाही.

एडनाचा पलंग बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत, रुंद खिडकीला लावला आहे. शाळा सुटली की मुलं काचेवर टकटक करून जातात. तिला आता गावातलं सगळं दिसतं: कोण कुणाकडे गेलं, कोण किती वेळ बसलं. मलाही गावच्या बातम्या तिच्याकडूनच कळतात.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी तिच्यापाशी बसले होते. डोरकसच्या नातीचं लग्न ठरल्याची हकिकत ती सांगत होती. मुलगा काय करतो, त्याची आई कशी आहे, सगळं रंगात आलं होतं. बाहेर पाववाल्याची नवी गाडी येऊन थांबली आणि त्याने गिऱ्हाइकांसाठी भोंगा वाजवला. दोनदा.

“पावाची गाडी आहे गं,” मी म्हणाले.

“माहीत आहे मला,” एडना म्हणाली. “तर मुलाची आई म्हणते...”

ती मुलाच्या आईबद्दल सांगत राहिली. तिचा आवाज जराही हलला नाही. पांघरुणाखाली मात्र महिनोन्‌महिने न हललेले तिचे पाय सपाता शोधत होते.